प्रवासांतील पक्षिगणना

मोटारीच्या लांबच्या प्रवासांत वेळ कसा घालवावा, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. खिडकीबाहेर लक्षपूर्वक पाहण्याची संवय ज्यास आहे, त्यास मात्र तो पडत नाहीं. पुण्याहून सोलापुराकडे जातांना तारांवर कोतवाल, वेडा राघू, खाटीक व चास बसलेले दिसतात. माळावर एकाच जागीं पंख फडफडवीत कापशी घार भक्ष्य हेरीत असते. हे पक्षी मोजून लिहून ठेवणें ही नुसती करमणूक नव्हे, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

इ. स. १९९१ ते १९९३ ह्या काळांत बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश व त्यांचे सहकारी ह्यांनीं देशांतील अनेक रस्त्यांनीं वाहनांतून जात शिकारी पक्ष्यांची गणना केली. त्या वेळीं गिधाडें विपुल होतीं. त्यांवर संकट येईल, असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. सन २००० मध्यें त्याच मार्गांनीं पुन्हा गणना झाली आणि दोन्ही वेळचे आंकडे शेजारीं ठेवतांच अनर्थ उघड झाला. पुढील गणनांवरून असें आढळलें कीं, पांढऱ्या पाठीचीं गिधाडें २००७ पर्यंत हजारांत एक ह्या प्रमाणांत उरलीं होतीं. ह्याचें कारण २००४ सालीं उमगलें. गुरांच्या वेदना शमविण्यासाठीं दिलेलें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या गुराच्या मांसांत राही, व तें खाणाऱ्या गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होत. २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं ह्या औषधावर बंदी घातली. पहिली नोंद नसती, तर केवढी हानि झाली हें कशाच्या आधारें सांगतां आलें असतें?

अशी नोंद ठेवण्याचे नियम सोपे आहेत. गाडी चालविणारानें लक्ष रस्त्यावरच ठेवावें. पाहणें व लिहिणें हें काम शेजारच्यानें करावें. आरंभीं तारीख, वेळ, हवामान व गाडीच्या यंत्रावरील किलोमीटरचा आंकडा लिहावा. मार्गाचे दहा दहा किलोमीटरांचे भाग पाडून प्रत्येक भागांत कोणता पक्षी, किती व कोठें दिसला, हें टिपावें. ओळख पटली नाहीं, तर 'अनोळखी' असेंच लिहावें. तर्कानें नांव देऊं नये. ज्या भागांत एकही पक्षी दिसला नाहीं, तेथें शून्य मांडावें. कोरी जागा म्हणजे पाहिलें नाहीं. शून्य म्हणजे पाहिलें, पण दिसलें नाहीं. ह्या दोहोंत महदंतर आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. तारेवरचा कोतवाल सहज दिसतो, पण गवतांतला तित्तिर धांवत्या गाडींतून दिसत नाहीं. म्हणून आपला आंकडा म्हणजे त्या प्रदेशांतील पक्ष्यांची एकंदर संख्या नव्हे. तोच रस्ता, तोच ऋतु, तीच वेळ व शक्यतों तोच वेग ठेवून वर्षानुवर्षें गणना केली, तरच एका वर्षाची दुसऱ्याशीं तुलना करितां येते. आणि त्या तुलनेंतच ह्या नोंदीचें खरें मोल आहे.

दुर्मिळ पक्षी दिसला म्हणजे सर्वांसच हर्ष होतो, परंतु कावळा, साळुंकी व घार ह्यांस आपण वहींत स्थान देत नाहीं. गिधाडेंही एके काळीं अशींच नित्याचीं होतीं. जें आज पदोपदीं दिसतें, तेंच प्रथम लिहून ठेवावें, अशी आमची विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस विनंति आहे. सुटींत गांवीं जातांना एक वही व पेन्सिल बरोबर असली, म्हणजे ह्या कामास दुसरें कांहीं लागत नाहीं.