माड लावायचा तो कुणासाठी?

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या वाड्यांत आजोबा-पणजोबांच्या हातची झाडे काही तासांत आडवी झाली. सुपाऱ्या मोडल्या, आंबे उन्मळले, माड पडले. घराची उडालेली कौले महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा चढवता येतात. पण वाढलेला माड बाजारातून आणून परसात उभा करता येत नाही. त्याला रोपापासूनच सुरुवात करावी लागते. म्हणूनच वादळानंतर घराघरांत एक प्रश्न निघाला : आता लावायचा तो कुणासाठी?

आमच्या नात्यातल्या एका काकूंच्या घरी हा प्रश्न मी जवळून पाहिला. वय पंचाहत्तरीच्या पुढचे, परसातले सहाही माड गेलेले, मुलगा ठाण्याला. त्याचे म्हणणे काही वावगे नव्हते. “आई, माडावर चढायला माणूस मिळत नाही. बाणवली लावलीस तर धरणार सात वर्षांनी. त्यापेक्षा ठेंगू जात लाव, तीन-चार वर्षांत शहाळी हाताने काढशील.” काकू शांतपणे म्हणाल्या, “शहाळ्याचं वाटण होत नाही रे, बाबा!”

मायलेकांपैकी दोघांचेही खरे होते. आपली कोकणातली बाणवली ही उंच जात सहा-सात वर्षांनी फळ धरते, पण पुढे ऐंशी वर्षेही उभी राहते आणि तिचे खोबरे घट्ट, तेलकट असते. याच जातीतून रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने ‘प्रताप’ ही जात निवडून काढली. ऑरेंज ड्वार्फसारखी ठेंगू जात लवकर धरते, शहाळे गोड देते. पण तिचे आयुष्य कमी, पाण्याची ओढ जास्त आणि खोबरे चिवट. उंच आणि ठेंगू यांचा संकर केलेली टी बाय डी रोपे या दोहोंच्या मधली. परस कुणाचे, पाणी किती आणि नारळ कशासाठी हवा, हे ठरवल्याशिवाय रोपवाटिकेच्या दारात जाऊ नये.

रोप घ्यायचे ते नऊ ते बारा महिन्यांचे, पाच-सहा पानांचे, बुंध्याशी जाड. पाने लवकर फाटून झावळीसारखी दिसू लागलेले रोप चांगले. नुसते उंच, सडपातळ रोप पाहून भुलू नये. जागा भर उन्हाची हवी. आंब्याच्या सावलीत माड प्रकाश शोधत वाकडा वाढतो. दोन माडांत पंचवीस फूट अंतर ठेवावे. वाढलेल्या माडाची झावळी पंधरा फुटांहून लांब होते, म्हणून विजेच्या तारा, घराचे छप्पर आणि येण्याजाण्याची वाट यांपासून तो दूरच बरा.

कातळाच्या किंवा मुरमाच्या जमिनीत एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. चांगली माती आणि कुजलेले शेणखत यांनी तो अर्ध्याहून थोडा अधिक भरावा. पाऊस स्थिरावला की मधोमध रोप ठेवून नारळ झाकेल इतकीच माती ओढावी. बुंधा मातीत गाडू नये. भोवतीची माती पायाने दाबावी आणि रोप काठीला सैल बांधावे. जिथे पावसाचे पाणी तुंबते तिथे जूनची घाई नको, जोराचा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात लावावे. रोप वाढेल तसा खड्डा भरत न्यावा.

खरी परीक्षा पहिल्या दोन उन्हाळ्यांची. झावळ्यांचा आडोसा करावा, आळ्यात पालापाचोळा अंथरावा आणि पाण्यात खंड पडू देऊ नये. खताची पूर्ण मात्रा पाचव्या वर्षापासून. पहिल्या वर्षी तिचा पाचवा हिस्सा, मग दरवर्षी एकेक हिस्सा वाढवायचा. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे हप्ते लगेच समजतात!

माडाला फांद्या नाहीत. वाढीचा कोंब एकच, शेंड्यात दडलेला. तो मेला की झाड गेले. म्हणून गेंड्या भुंग्यावर नजर ठेवावी. कोवळे पान त्रिकोणी कातरल्यासारखे उघडले की तो येऊन गेला समजावे. तारेच्या आकड्याने त्याला बाहेर ओढतात आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड भरतात. त्याची पिलावळ शेणखताच्या खड्ड्यात वाढते, तेव्हा तो खड्डाही अधूनमधून उपसावा. त्याने पाडलेल्या जखमेतून सोंड्या भुंगा आत शिरतो, आणि तो तर खोडच पोखरतो.

नोकरीत मी बागायतीच्या कर्जाचे पुष्कळ अर्ज हाताळले. उत्पन्न सुरू होईपर्यंत हप्त्याला सवलत देता येते, हे कागदावर सोपे असते. अर्जदाराचे वय साठच्या पुढे असले की आम्ही चष्मा सावरून त्याच्याकडे बघत असू. कर्जाच्या हिशेबाने ते बरोबरच होते. पण माड लावणारी माणसे तो हिशेब मांडतच नाहीत, हे मला काकूंच्या परसात उमगले. त्यांनी पूर्वी ज्या सहा माडांचे नारळ खाल्ले, त्यांतला एकही त्यांनी लावलेला नव्हता. ते सासऱ्यांनी लावलेले होते.

शेवटी त्या घरात तडजोड झाली. २०२१च्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या मागे दोन ठेंगू आणि गडग्याच्या बाजूने चार बाणवली लागले. ठेंगूंची शहाळी मुलगा सुटीत येऊन हाताने काढतो. बाणवलींच्या आळ्यात काकू स्वतः पाणी सोडतात. मुलाने पंप बसवून दिला आहे आणि तो दर महिन्याला फोनवर नवी झावळी आली का विचारतो. लावायला विरोध करणारा तोच होता!

भरात आलेला माड महिन्याला साधारण एक झावळी आणि तिच्या बेचक्यातून एक पोय काढतो. पोय उघडल्यापासून नारळ पिकायला जवळजवळ वर्ष लागते. म्हणून भरल्या माडाखाली उभे राहून वर पाहिले, तर बोंडापासून पिकल्या नारळापर्यंत सगळ्या वयाचे घड एकाच वेळी दिसतात. घरातही तसेच असावे, असे त्या घडांकडे पाहून वाटते. परसात पंचवीस फूट मोकळी, उन्हाची जागा असेल, तर येत्या उन्हाळ्यात खड्डा खणून ठेवायला हरकत नाही.