डोळ्याच्या आतला तीळ

डोळ्याच्या आतला तीळ बहुधा कोरॉइड या थरात असतो. बाहेरचा चिवट श्वेतपटल आणि आतला प्रकाश टिपणारा पडदा, म्हणजे रेटिना, या दोहोंच्या मधला हा रक्तवाहिन्यांनी भरलेला थर. मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी तिथे एका जागी दाटल्या की तीळ बनतो. अमेरिकेतील गोऱ्या प्रौढांमध्ये शंभरात साधारण पाच जणांना तो आढळतो. आशियाई लोकांत हे प्रमाण बरेच कमी आहे. बुबुळावरचा तीळ आरशात दिसतो, हा मात्र दिसत नाही आणि सहसा त्रासही देत नाही. त्यामुळे चष्म्याचा नंबर काढताना किंवा मधुमेहासाठी पडदा तपासताना तो अवचित सापडतो आणि रुग्ण धास्तावतो.

धास्तीचे कारण मेलॅनोमा हा कर्करोग. तीळ त्यात बदलण्याची शक्यता फार थोडी असते. गोऱ्या लोकसंख्येवरून काढलेल्या एका अंदाजानुसार दरवर्षी सुमारे 8,800 तिळांपैकी एखादाच तसा बदलतो. पण हा कर्करोग यकृतात पसरू शकतो, म्हणून तिळाकडे पाठ फिरवून चालत नाही. कातडीवरचा संशयास्पद तीळ काढून प्रयोगशाळेत पाठवता येतो. डोळ्याच्या आतून तुकडा काढणे तितके सोपे आणि निर्धोक नसते. म्हणून इथे निदानाचा मोठा भार नुसत्या पाहण्यावर आणि मोजण्यावर असतो.

पाहण्यासाठी आधी थेंब घालून बाहुली मोठी केली जाते. पुढचे काही तास जवळचे अंधूक दिसते, ऊन सहन होत नाही. तेव्हा स्वतः गाडी चालवत न गेलेले बरे. पडद्याच्या फोटोत तीळ राखाडी-तपकिरी डागासारखा दिसतो आणि पडद्याच्या रक्तवाहिन्या त्याच्यावरून सरळ पुढे जातात. डाग पडद्याखाली आहे याची ती खूण. मोजायला पट्टी डोळ्यातच असते. दृष्टिनाडी जिथे डोळ्यात शिरते तिथली फिकट चकती सुमारे दीड मिलिमीटर रुंद असते, तिच्याशी ताडून तिळाचा अंदाज येतो. तिळावर ड्रुसेन नावाचे पिवळसर ठिपके असले तर तो बहुधा जुना, निवांत असतो.

नारिंगी छटा मात्र सावध करते. लिपोफ्युसिन हे द्रव्य साचल्याने ती येते. रुंदी 5 मिलिमीटरपेक्षा किंवा जाडी 2 मिलिमीटरपेक्षा जास्त असणे, पडद्याखाली पाणी साचणे आणि नजर अंधूक होणे किंवा डोळ्यात प्रकाश चमकणे, हीही जोखमीची लक्षणे. त्यांपैकी एखादे दिसले म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे; पण जितकी जास्त एकत्र दिसतील तितका धोका वाढतो. जाडी सोनोग्राफीने मोजतात, पाण्याचा पातळ थर ओसीटी या स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो.

पहिल्या तपासणीनंतर साधारणपणे सहा महिन्यांच्या आत पुन्हा बोलावतात. काही बदल नसेल आणि जोखीम कमी असेल, तर पुढे वर्षा-दोन वर्षांनी दाखवणे पुरते. तरुणपणी काही तीळ वर्षानुवर्षे किंचित वाढत राहतात. ती संथ वाढ बहुधा निरुपद्रवी असते. थोड्या महिन्यांतच ठळक वाढ दिसली तर डोळ्यांच्या कर्करोगाच्या तज्ज्ञाकडे तातडीने जावे लागते. मेलॅनोमा ठरलाच, तरी प्रत्येक वेळी डोळा काढावा लागत नाही. गाठ लहान असेल तर किरणोत्सारी चकती काही दिवस डोळ्याला बाहेरून टाचून ठेवतात. अशा रुथेनियम-106 च्या चकत्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुइंधनाच्या टाकाऊ अंशातून देशातच तयार केल्या आहेत.

वाढ ओळखायची तर जुना फोटो हवाच. डॉक्टर बदलले, गाव बदलले की नेमका तोच मागे राहतो. म्हणून पहिल्या तपासणीतला पडद्याचा फोटो आणि मोजमापे मागून घ्यावीत, मोबाइलमध्येही ठेवावीत आणि दर भेटीला सोबत न्यावीत.