पळत येऊन थांबणारी जहाजं

मुदखेडच्या माणसाने जहाजांवर लिहावं, याचं आमच्याकडे हसू होतं. समुद्र इथून पाचशे किलोमीटरच्या आसपास. पण पेरणीच्या तोंडावर डीएपीच्या पोत्यासाठी रांग लागते, तेव्हा ते खत किंवा त्याचा कच्चा माल बहुतेक जहाजातूनच आलेला असतो. आणि ज्याच्याकडे बघून आपल्या सोयाबीनचा भाव वरखाली होतो, ते पामतेल इंडोनेशिया-मलेशियाहून टँकरने येतं. त्या जहाजांच्या धुराशी आपलं काही देणंघेणं नाही, असं कसं म्हणणार?

आधी नियमांचं उरकून घेतो. माणसाने सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के जहाजांच्या धुराड्यांतून निघतात. मालक ग्रीक, झेंडा पनामाचा, खलाशी रत्नागिरीचा. मग धूर कोणाच्या खात्यावर मांडायचा? १९९७च्या क्योटो कराराने हे त्रांगडं लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवलं. तिने २०२३ मध्ये ठरवलं की २०५०च्या सुमारास निव्वळ शून्यावर यायचं. एप्रिल २०२५ मध्ये मोठ्या जहाजांच्या जादा धुरावर दाम लावण्याचा आराखडा ६३ विरुद्ध १६ मतांनी मान्य झाला, भारत बाजूने होता. ऑक्टोबरात अमेरिकेने डोळे वटारले आणि अंतिम निर्णय ५७ विरुद्ध ४९ मतांनी वर्षभर पुढे गेला. दिल्लीने २०२३ मध्ये बंदरांसाठी ‘हरित सागर’ मार्गदर्शक सूत्रं काढली: टनामागचा कार्बन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी. झालं.

आता माझ्या आवडीचं, म्हणजे वेग.

जहाजाला पाणी कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. वेग दहा टक्क्यांनी उतरवला तर इंजिनाला जवळपास २७ टक्के ताकद कमी लागते. वेळ थोडा जास्त जातो, तो धरूनही त्याच अंतराला तेल एकोणीस टक्के कमी जळतं. कोलंबो ते मुंबई साधारण नऊशे सागरी मैल. वीस नॉटने पंचेचाळीस तास, अठराने पन्नास. पाच तास उशीर सोसला की जवळपास पाचवा हिस्सा तेल वाचलं. नवं इंजिन नको, नवं इंधन नको, संशोधनाला अनुदान नको. हा हिशेब पहिल्यांदा मांडला त्या रात्री मी घरच्यांना झोपू दिलं नव्हतं.

मग जहाजं हळू का येत नाहीत? भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचमध्ये बसा आणि उत्तर डोळ्यांनी बघा. मी मुंबईला गेलो की उरणला काही काम नसतानाही ती लाँच धरतो. वाटेत उभ्या असलेल्या जहाजाच्या पुढच्या अंगाला काळा गोळा टांगलेला दिसला, की समजायचं ते नांगरावर आहे. जहाज जागचं हलत नाही, पण धुराड्यातून बारीक करडा धूर निघतच असतो. दिवे, पंप, खलाशांचा स्वयंपाक, सगळं आतल्या जनरेटरवर. लाँचवाल्याला विचारलं, ‘‘हे कधीपासून उभंय?’’ तो म्हणाला, ‘‘नंबर लागला नाय अजून.’’

म्हणजे जहाज भर समुद्रातून तेल जाळत पळत आलं ते रांगेत उभं राहायला. आमच्या मुदखेड जंक्शनला हे समजावून सांगावं लागत नाही. सिंगल लाईनच्या काळात मागची दहा मिनिटं भरून काढत गाडी सुसाट यायची आणि आउटरला अर्धा तास उभी राहायची.

रेल्वेत निदान लाईन तरी एकच असायची. जहाजाचा घोळ कागदाचा आहे. माल वाहणारं जहाज भाड्याने घेताना करारात लिहिलेलं असतं की विनाविलंब पोहोचायचं. पोहोचलं की कप्तान ‘आम्ही तयार आहोत’ अशी नोटीस देतो आणि घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या मुदतीपलीकडे खोळंबा झाला तर मालकाला डॅमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई, मिळते. शिवाय पुष्कळ ठिकाणी धक्का मिळतो तो आधी येईल त्याला. मग कोणता कप्तान सावकाश येईल? उपाय माहीत आहे: बंदराने धक्क्याची वेळ आधी कळवायची, जहाजाने त्या बेताने चालायचं आणि वाचलेल्या तेलाचा फायदा दोघांनी वाटून घ्यायचा. २०२२च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात कंटेनर जहाजांचा हिशेब केला, तर सबंध फेरीत असं केल्यास सुमारे १४ टक्के इंधन वाचतं असं निघालं. नुसत्या शेवटच्या बारा तासांत केलं तरी ४ टक्क्यांवर.

गंमत म्हणजे २०२३ पासून जहाजांना ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी मिळते. कापलेल्या अंतराच्या मानाने धूर किती, यावर ती ठरते. नांगरावर अंतर शून्य, धूर चालू. खोळंबा बंदराचा, नापास जहाज!

थोडं विषयांतर. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सोबत्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. म्हणून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन. हे जहाज आधी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने व्हँकुव्हर-हाँगकाँग मार्गावर फिरे, मग ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते युद्धात इस्पितळ-जहाज म्हणून दिलं. ते कोळशावर चालायचं. पुढच्या काही दशकांत कोळसा जाऊन तेल आलं. त्यामुळे इंधन बदलणं अशक्य, ही ओरड मी फारशी मनावर घेत नाही.

सरकारचा ओढा मात्र दिसण्याजोग्या वस्तूंकडे. २०२४ च्या हरित टग योजनेत पहिल्या टप्प्यात जेएनपीएसह चार बंदरांनी प्रत्येकी किमान दोन टग, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटी, घ्यायचे आहेत. घ्यावेत, टग दिवसभर बंदरातच धूर सोडतो. उभ्या जहाजाला धक्क्यावरून वीज देणंही योग्यच. पण रांगेचं काय? वाढवणला ७६,२२० कोटींचं नवं बंदर होतंय. तिथल्या मच्छीमारांचा विरोध हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण बंदर होणारच असेल, तर तिथे धक्क्याची वेळ आधी नक्की करून देण्याची अट पहिल्या दिवसापासून घालता येईल. जुन्या बंदरांत सवयी मोडाव्या लागतात, तिथे अजून पडलेल्याच नाहीत. माझ्या हातात असतं तर करारातलं पहिलं कलम मी हेच लिहिलं असतं, आणि डॅमरेजऐवजी वाचलेल्या तेलाची वाटणी दुसरं.