20 हजारांचा सोफा, 3 हजारांत!
रावेतमध्ये 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट संपत आलं की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो झळकायला लागतात. सोफा, डबल बेड, वॉशिंग मशीन. खाली एकच ओळ : 'शिफ्टिंगमुळे अर्जंट विकणे आहे.' झालं! या 'अर्जंट'नेच निम्मी किंमत खाल्ली. रविवारी चावी दिल्याशिवाय तुमचं डिपॉझिट सुटणार नाही, हे कळलं की समोरचा आठवडाभर गप्प बसतो आणि शनिवारी रात्री थेट टेम्पो घेऊनच येतो. वर 'खाली उतरवून द्या' म्हणतो! 2020च्या लॉकडाउनमध्ये हिंजवडीतली ऑफिसं घरात आली, तेव्हा फ्लॅट सोडून गावी निघालेल्यांनीही संसार असाच मातीमोल विकला.

तेव्हा तारीख सांगूच नका. महिनाभर आधी फोटो टाका, बिल जपून ठेवा. बेड सुटा होतो का, तेही लिहा; लिफ्टमध्ये न मावणारा बेड कोण घेणार? आणि 'पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका' म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक करा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

उरलंसुरलं मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात न्याल, तर टेम्पोचं भाडंच जास्त होईल. त्यापेक्षा स्टडी टेबल वॉचमनकाकांना विचारा. त्यांच्या घरी कुणीतरी दहावीला असतंच.