फोनमधला आवाज : कुठे असतो, काय जपावे, काय पुसावे

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा इंतकाल होतो. काही दिवसांनी कोणीतरी त्यांचा मोबाइल हातात घेते. फोटो सापडतात, मेसेज सापडतात. मग एखाद्या मुलीला आठवते की अब्बांच्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. म्हणजे त्यांचा आवाज इथेच कुठेतरी असणार. पण कुठे? पुष्कळदा हा प्रश्न उशिराच सुचतो. तोवर फोन साफ करून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती गेलेला असतो.

व्यवहारातही असेच घडते. डिपॉझिट परत करण्याचा शब्द घरमालकाने फोनवरच दिलेला असतो. निकाहाच्या बोलणीत मेहर किती आणि खर्च कोणाचा, हेही पुष्कळदा फोनवरच ठरते. कर्जवसुलीचा माणूस धमकावतो तोही फोनवरच. वेळ आली की आपण म्हणतो, “माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे.” पण ते काढून दाखवता येत नाही, किंवा दाखवायच्या आधीच फोनने पुसून टाकलेले असते.

म्हणून निकड येण्याआधीच, एखाद्या निवांत दुपारी, आपल्या फोनमधली ही कोठी उघडून पाहणे बरे.

आवाज साठतो कुठे?

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये रेकॉर्डिंग फोनच्या पोटातच साठते. ते सिमकार्डात नसते आणि मोबाइल कंपनीकडे मागूनही मिळत नाही. जागा मात्र प्रत्येक कंपनीने आपापली ठरवली आहे.

सॅमसंगमध्ये ज्या ॲपमधून आपण फोन लावतो तेच उघडावे. वरच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून सेटिंग्जमध्ये जावे. तिथे ‘रेकॉर्ड कॉल्स’ आणि त्यात ‘रेकॉर्डेड कॉल्स’ अशी यादी असते. मूळ फाइल हवी असेल तर ‘माय फाइल्स’मध्ये इंटर्नल स्टोरेज, त्यात ‘रेकॉर्डिंग्ज’ आणि त्यात ‘कॉल’ हे फोल्डर पाहावे. जुन्या सॅमसंगमध्ये ‘कॉल’ हे फोल्डर थेट बाहेरच असते.

शाओमी आणि रेडमीच्या ज्या फोनमध्ये कंपनीचे स्वतःचे फोन ॲप आहे, तिथे फाइल मॅनेजरमध्ये ‘एमआययूआय’, मग ‘साउंड रेकॉर्डर’, मग ‘कॉल रेक’ अशी वाट आहे. ओप्पो आणि रिअलमीच्या अशा फोनमध्ये ‘म्युझिक’, मग ‘रेकॉर्डिंग्ज’, मग ‘कॉल रेकॉर्डिंग्ज’ असे जावे. ‘म्युझिक’मध्ये आपल्या वडिलांचा आवाज शोधावा असे कोणाला सुचणार? पण तो तिथेच असतो.

कोणत्याही कंपनीच्या फोनमध्ये गुगलचे फोन ॲप असेल तर गोष्ट निराळी आहे. रेकॉर्डिंग सुरू होताच दोन्ही बाजूंना तशी सूचना ऐकू येते, त्यावरून हे ॲप ओळखता येते. त्याचे रेकॉर्डिंग फाइल मॅनेजरमध्ये शोधून मिळत नाही. अलीकडच्या कॉलच्या यादीत त्या कॉलवर बोट ठेवले की ते ऐकता येते आणि तिथूनच दुसरीकडे पाठवता येते. म्हणून ही यादी साफ करण्याआधी, किंवा ‘क्लियर डेटा’ दाबण्याआधी, हवी ती रेकॉर्डिंग बाहेर काढून घ्यावीत.

आयफोनमध्ये कॉल रेकॉर्ड करण्याची सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये, आयओएस १८.१ बरोबर आली. तिथेही समोरच्याला सूचना ऐकू जाते. रेकॉर्डिंग ‘नोट्स’ या ॲपमध्ये ‘कॉल रेकॉर्डिंग्ज’ या फोल्डरात जमा होते.

जे मुळात नसतेच

काही गोष्टी शोधत बसण्यात अर्थ नाही. रेकॉर्डिंग चालू करण्याआधीचे कॉल कुठेही नसतात. फोनच्या या सोयीने व्हॉट्सॲपवरचे कॉलही टिपले जात नाहीत. कुवेतहून किंवा दुबईहून येणारे बहुतेक फोन इंटरनेटवरूनच येतात, त्यामुळे ते या यादीत सापडणार नाहीत. व्हॉइस मेसेज मात्र व्हॉट्सॲपच्या त्या चॅटमध्ये असतात. ते वेगळे जपावे लागतात.

पूर्वी अनेक जण वेगळे ॲप टाकून कॉल रेकॉर्ड करत. मे २०२२ पासून गुगलने आपल्या प्ले स्टोअरवरच्या अशा ॲपना फोनमधली अपंगांसाठीची सुविधा वापरून कॉल टिपायला बंदी केली आणि त्यातली बरीचशी निरुपयोगी झाली. आज कोणी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून “हे ॲप टाका, सगळे कॉल रेकॉर्ड होतील” असे म्हणत असेल तर दूर राहावे. असे ॲप मायक्रोफोन, संपर्कयादी आणि मेसेज या सगळ्यांची परवानगी मागते. मेसेजमध्ये बँकेचा ओटीपी येतो, हे विसरू नये.

नेमका कॉल कसा शोधावा?

शेकडो फाइल एकेक करून ऐकण्याची गरज नाही. फाइलच्या नावातच बहुधा माणसाचे नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ असते. सॅमसंगच्या फाइलीत नावापुढे वर्ष, महिना, दिवस असे दोन-दोन आकडे जोडून येतात आणि पुढे तास, मिनिट, सेकंद. ‘२५०३१४’ म्हणजे १४ मार्च २०२५.

फाइल मॅनेजरच्या शोधपट्टीत नाव टाकावे. नावाने सापडले नाही तर नंबराचे शेवटचे चार-पाच आकडे टाकावेत, कारण नंबर जतन करण्यापूर्वीच्या कॉलवर नुसता नंबरच असतो. तारीख आठवत नसेल तर त्या दिवशीचा एखादा फोटो, बँकेचा मेसेज किंवा दवाखान्याची पावती पाहून तारीख काढावी.

फाइल चुकून पुसली गेली असेल तर घाबरून नवी ॲप टाकू नयेत. सॅमसंगच्या ‘माय फाइल्स’मध्ये पुसलेली फाइल ‘ट्रॅश’मध्ये ३० दिवस राहते. गुगलच्या ‘फाइल्स’ ॲपमध्येही तशीच कचरापेटी असते. आधी तिथे पाहावे.

तीन ढीग करावेत

आपोआप रेकॉर्डिंग चालू ठेवले की ढीग वाढतच जातो. दर्जानुसार एका मिनिटाला एक एमबीपर्यंत जागा लागते. दिवसाला तासभर बोलणाऱ्याच्या फोनमध्ये महिन्याला दोन जीबीपर्यंत साठा होऊ शकतो. मग फोन ‘जागा नाही’ म्हणतो, कोणीतरी एका झटक्यात सगळे पुसते आणि त्यात नको ते जाते. म्हणून धान्य निवडावे तशी निवड करावी.

पहिला ढीग मायेचा. आईवडिलांचे, दूर असलेल्या मुलांचे चार-दोन कॉल. सगळे नकोत. अम्मी हालहवाल विचारते, दुआ देते, असा एखादा कॉल पुरे.

दुसरा ढीग व्यवहाराचा. पैसे, जागा, नोकरी, विमा, धमकी, फसवणूक. वाद मिटेपर्यंत हा ढीग जपावा.

तिसरा ढीग बाकी सगळ्याचा. कुरिअरवाला, रिक्षावाला, मैत्रिणीशी मारलेल्या गप्पा. हा पुसून टाकावा. गुगलच्या फोन ॲपमध्ये ७, १४ किंवा ३० दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप पुसण्याची सोय आहे. ती चालू असेल तर पहिल्या दोन ढिगांतले कॉल आधी बाहेर काढावेत, नाहीतर तेही जातील. सॅमसंगमध्ये सगळ्या कॉलऐवजी फक्त अनोळखी किंवा ठरावीक नंबर रेकॉर्ड करता येतात. बहुतेक घरांना तेवढे पुरते.

दुसरी प्रत हवीच

अनेकांना वाटते, बॅकअप चालू आहे म्हणजे सगळे सुरक्षित. तसे नाही. गुगल फोटोज फोटो आणि व्हिडिओ जपते, आवाजाच्या फाइली नाही. अँड्रॉइडच्या बॅकअपमध्ये कॉलची यादी जाते, कॉलचा आवाज जात नाही. फोन हरवला की तोही गेला.

म्हणून निवडलेल्या फाइली स्वतः हाताने गुगल ड्राइव्हवर चढवाव्यात. तिथे १५ जीबी जागा मोफत मिळते, मात्र ती जीमेल आणि फोटोजमध्ये वाटलेली असते. एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा घरच्या संगणकावर असू द्यावी. व्हॉट्सॲपने पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. ऑडिओ म्हणून पाठवली की पलीकडे फाइलचे मूळ नाव राहत नाही, आणि नावाबरोबर तारीख-वेळही जाते.

फोन विकताना किंवा बदलून घेताना आधी या प्रती काढाव्यात, मग ‘फॅक्टरी रिसेट’ करावे. नुसते सिम काढून फोन दुकानदाराच्या हाती देणे म्हणजे घरातली बोलणी त्याच्या हाती देणे.

कोर्टकचेरीची वेळ आली तर

रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालते का? चालू शकते. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका लाचेच्या प्रकरणात, आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, टेपवर घेतलेले फोनचे संभाषण ग्राह्य धरले होते. आवाज कोणाचा हे ओळखता यावे, बोलणे प्रकरणाशी संबंधित असावे आणि त्यात फेरफार नसावा, ही त्यातली मुख्य कसोटी.

आज १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य लिहितात. हा फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाइलीत जरा जरी बदल झाला तरी ठसा बदलतो. त्याआधी २०२० मध्ये, जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रमाणपत्राची गरज ठामपणे सांगितली होती. मात्र मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर करून साक्ष दिली तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

यातून घरच्या माणसाने घ्यायचा धडा सोपा आहे. महत्त्वाचे रेकॉर्डिंग कापू नये, ‘नको तो भाग’ काढू नये, मूळ फोन विकू नये आणि लवकर वकिलांना दाखवावे.

वसुलीच्या फोनबाबतीत तर फाइलच्या नावातली वेळसुद्धा कामाची असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी ही मर्यादा सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी आहे. गटातून कर्ज घेतलेल्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर रेकॉर्डिंग शोधत वेळ घालवू नये. आधी १९३० वर फोन करून तक्रार नोंदवावी, रेकॉर्डिंग नंतर जोडता येते.

बोलणे ही अमानत आहे

आता थोडे अवघड बोलू. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीच्या वादात एकाने दुसऱ्याच्या नकळत केलेले रेकॉर्डिंग न्यायालयात पुरावा म्हणून घेता येईल असा निकाल दिला. पण न्यायाधीशापुढे ठेवणे वेगळे आणि खानदानाच्या ग्रुपवर टाकणे वेगळे. ज्या बोलण्यात आपण नाही, ते चोरून टिपणे तर आणखी वेगळे. फोनवरचे बोलणे माणसाच्या खाजगीपणाच्या हक्कात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. आखातात तर जास्तच जपावे. संयुक्त अरब अमिरातीत संमतीशिवाय कोणाचे बोलणे रेकॉर्ड करणे २०२१ च्या सायबर कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला कैद किंवा किमान दीड लाख दिरहम दंड होऊ शकतो.

आणि कायदा नसता तरी? सूरह हुजुरातमध्ये एकमेकांच्या पाळतीवर राहण्यास आणि पाठीमागे निंदा करण्यास मनाई आहे. सुनेच्या फोनमध्ये आपोआप रेकॉर्डिंग चालू करून ठेवणे, ती माहेरी काय बोलते ते ऐकणे, मग त्यातली चार वाक्ये नणंदेला ऐकवणे, यात पाळतही आली आणि निंदाही आली. पुराव्याच्या नावाखाली ते हलाल होत नाही. रागाच्या भरात भावाने भावाला बोललेले शब्द पुसून टाकले तर सलोख्याला जागा राहते. जपून ठेवले तर पुढच्या भांडणात तेच पुन्हा वाजवले जातात.

आणखी एक. रेकॉर्डिंग आहे म्हणून कागद टाळू नये. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, ही शिकवण सूरह बकरामध्ये आहे. लिहिलेला कागद दोघांच्या माहितीने होतो, दोघांकडे राहतो आणि फोन बिघडला तरी वाचता येतो. फोनवर शब्द ठरला की त्याच दिवशी समोरच्याला मेसेज करावा : “आपले आज असे ठरले आहे, बरोबर ना?” त्याचे ‘हो’ आले की अर्धा वाद तिथेच मिटतो.

येत्या जुम्याला नमाजनंतर जेवणे आटोपली की घरातल्या प्रत्येकाने आपापला फोन उघडावा. अम्मींचा फोन असेल तर मुलीने शेजारी बसून, त्यांना विचारून उघडावा. काय ठेवायचे, काय पुसायचे, हे ज्याचा फोन त्यानेच ठरवावे.