सिझरनंतरचे दुसरे बाळंतपण

एकदा सिझर झाले की पुढच्या खेपेलाही सिझरच, असे आपल्याकडे सर्रास बोलतात. तसा नियम नाही. गर्भाशयाला खालच्या अंगाला आडवा छेद असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर पुष्कळ बायांची पुढची प्रसूती नैसर्गिक होते. छेद उभा, वरपर्यंत गेलेला असेल तर मात्र कळांची वाट पाहायची नाही. आणि पोटावरचा व्रण आडवा म्हणून आतला छेदही आडवाच, असे समजू नये! दवाखान्याचा डिस्चार्ज कागद दागिन्यासारखा जपावा. माहेरी जाताना बरोबर न्यावा.

घाईही नको. बाळ २ वर्षांचे होईपर्यंत पुन्हा दिवस राहू देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तोवर तांबी बसवावी. सासूबाईंनी "लवकर उरकून घे" म्हणू नये. कळांच्या जोराने जुना टाका उसवणे २०० त एखादीच्या वाट्याला येते, पण ते मायलेकरांच्या जिवावर बेतते. अंतर कमी तर धोका जास्त.

अशा बाईने सातपुड्याच्या पाड्यावर किंवा ऊसतोडीच्या कोपीवर बाळंत होऊ नये. धुळ्याचे हिरे वैद्यकीय महाविद्यालय वा जळगावचे शासकीय रुग्णालय गाठावे, तेही तारखेच्या आधी. अवेळी कळा सुरू झाल्या तर १०८ ला फोन लावावा.