वनमानुषांचा सिनेमा आणि दुसऱ्याच्या मनातली गोष्ट



मागच्या हिवाळ्यात सातवीच्या मुलांची सहल ओंकारेश्वरला गेली होती. घाटावर एका यात्रेकरूने आपल्या मोबाइलवर माकडांचाच व्हिडिओ लावला आणि तो एका वानरासमोर धरला. वानराने एकदा मोबाइलकडे पाहिले, एकदा त्या गृहस्थाकडे पाहिले आणि त्याच्या पिशवीतले चणे घेऊन तो पसार झाला. मुले पोट धरून हसली. परतीच्या बसमध्ये एका मुलीने विचारले, "सर, व्हिडिओत काय चाललंय ते त्याला कळलं असेल का?" "छे, त्याला काय कळणार!" असे म्हणून मी मोकळा झालो. घरी आल्यावर मात्र वाटले, की उत्तर फार घाईने दिले. मुलीचा प्रश्न साधा नव्हता. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न घेऊन वर्षानुवर्षे काम केले आहे. म्हणून त्या मुलीला द्यायचे उत्तर आज सर्वांसाठी लिहीत आहे.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकात 'वनमानुष' हा शब्द होता. मराठीत त्यांना 'कपी' किंवा 'महाकपी' म्हणतात. चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान हे ते महाकपी. त्यांना शेपूट नसते, मेंदू मोठा असतो आणि नात्याने ते माकडांपेक्षा माणसाला अधिक जवळचे आहेत. चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला आफ्रिकेत राहतात, ओरांगउटान सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर. भारतात महाकपी नाहीत. ईशान्येकडील जंगलांत हूलॉक गिबन आहे, पण तो लघुकपी. ओंकारेश्वरचे वानर म्हणजे लंगूर, लांब शेपटीचे माकड.

साराची परीक्षा

१९७८ साली अमेरिकेतील डेव्हिड प्रीमॅक आणि गाय वुडरफ या दोन शास्त्रज्ञांनी एक लेख प्रसिद्ध केला. चिंपांझीला दुसऱ्याच्या मनाची कल्पना असते का, हा त्याचा प्रश्न होता. त्यांच्याकडे सारा नावाची एक चिंपांझी मादी होती. तिला त्यांनी छोट्या चित्रफिती दाखवल्या. एकीत माणूस उंचावर टांगलेल्या केळ्यांसाठी धडपडतो आहे, तर दुसरीत तो कुलूपबंद पिंजऱ्यातून बाहेर पडू पाहतो आहे. फीत थांबवून साराला छायाचित्रे दिली जात. त्यांतल्या एकात त्या अडचणीवरचा उपाय असे, जसे कुलुपासाठी किल्ली. साराने बहुतेक वेळा बरोबर छायाचित्र निवडले. माणसाला काय हवे आहे हे तिला उमगले, असा अर्थ त्यांनी काढला.

त्यावर वाद झाला, आणि होणे योग्यच होते. सारा माणसांत वाढलेली होती. कुलूप आणि किल्ली एकत्र असतात एवढेच तिला ठाऊक असेल, माणसाच्या मनात काय आहे याचा तिने विचार केलाच नसेल, अशी शंका घेता येत होती. मग खरी कसोटी कोणती?

लाडवाचा डबा

ती कसोटी घरी करून पाहता येते. समजा, आईने लाडू निळ्या डब्यात ठेवले आणि ती बाजारात गेली. मागाहून दादाने ते लाल डब्यात ठेवले. आता आई परत आल्यावर लाडू कुठे शोधेल? तुम्ही म्हणाल, निळ्या डब्यात. कारण लाडू हलवल्याचे तिला माहीतच नाही. पण हाच प्रश्न तीन वर्षांच्या बाळाला विचारा. ते बहुतेक वेळा म्हणेल, "लाल डब्यात." लाडू लाल डब्यात आहेत हे बाळाला माहीत आहे, म्हणून ते आईलाही माहीत असणार, असे त्याला वाटते. चार-पाच वर्षांच्या सुमारास मुले हे ओळखू लागतात, की दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी, चुकीचीसुद्धा, समजूत असू शकते. १९८३ साली हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर यांनी चॉकलेटच्या गोष्टीने ही परीक्षा प्रथम घेतली.

चिंपांझीला असा प्रश्न तोंडी विचारता येत नाही. म्हणून इतर युक्त्या केल्या गेल्या. चिंपांझीने खाऊ लपवलेले भांडे निवडावे, अशा तऱ्हेच्या परीक्षा झाल्या. समोरच्याने काय पाहिले, काय पाहिले नाही हे त्यांना कळते असे दिसले. पण चुकीच्या समजुतीच्या परीक्षेत ते वारंवार नापास झाले. ही पायरी फक्त माणसाने ओलांडली आहे, असे पुष्कळांचे मत बनले.

किंग काँग आला

येथे सिनेमा कामी आला. जपानचे फुमिहिरो कानो, अमेरिकेचे ख्रिस्तोफर क्रुपेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील लाइपझिगचे प्राणिसंग्रहालय आणि जपानमधील क्योटो विद्यापीठाचे कुमामोतो येथील अभयारण्य अशा दोन ठिकाणी प्रयोग केले. चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान मिळून सुमारे ४० प्रेक्षक होते. पडद्याखाली एक यंत्र असते. ते डोळ्यांवर अवरक्त किरण टाकते आणि नजर पडद्यावर नेमकी कुठे आहे ते टिपून घेते. अवरक्त किरण दिसत नाहीत, त्यामुळे त्रास होत नाही. प्रेक्षकाचे डोके स्थिर राहावे म्हणून एका नळीतून फळांचा रस थेंब थेंब दिला जातो. आपण सिनेमा पाहताना शेंगदाणे खातो, तसेच हे. रस प्यावा, चित्र पाहावे, कंटाळा आला तर निघून जावे.

चित्रपट अर्ध्या मिनिटाच्या आसपासचे होते. सांध्या हळू कथा असली तर हे प्राणी पाहत नाहीत, म्हणून कथेत मारामारी ठेवली. किंग काँगसारखा केसाळ पोशाख घातलेला एक माणूस दुसऱ्या माणसावर हल्ला करतो आणि गवताच्या दोन गंज्यांपैकी एकीत लपतो. दुसरा माणूस ते पाहतो. मग तो काठी आणायला दाराआड जातो. तेवढ्यात किंग काँग गंजीतून निघून पळून जातो. माणूस काठी घेऊन परततो. आता तो कोणत्या गंजीवर काठी मारेल? किंग काँग दोन्हींत नाही, हे प्रेक्षकाला माहीत आहे. माणसाला माहीत नाही.

काठी उगारण्यापूर्वीच बहुतेकांची नजर त्या गंजीकडे गेली, जिच्यात किंग काँग आहे असे त्या माणसाला वाटत होते. सगळ्यांचीच गेली असे नाही. काहींनी कोणत्याच गंजीकडे विशेष पाहिले नाही. पण ज्यांनी पाहिले त्यांच्यात योग्य गंजी निवडणारे स्पष्टपणे जास्त होते. चित्रपटाच्या दोन आवृत्त्या होत्या. एकीत माणसाने समजलेली जागा ही किंग काँगची पहिली जागा होती, दुसरीत शेवटची. त्यामुळे "शेवटी जिथे होता तिथे पाहायचे" एवढ्या साध्या सवयीने उत्तर येत नव्हते. दुसऱ्या एका चित्रपटात किंग काँग माणसाचा दगड चोरून पेटीत लपवतो. तिथेही असेच दिसले. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले.

पण शंका घेणे हा विज्ञानाचा धर्म आहे. कोणी म्हणाले, की माणसे जिथे वस्तू शेवटची पाहतात तिथेच शोधतात, एवढा नियम या प्राण्यांनी पाठ केला असेल. यावरचे उत्तर २०१९ मध्ये आले, आणि ते मला सर्वांत आवडते. आधी या प्राण्यांना एक पडदा हाताळायला दिला. काहींना मिळालेल्या पडद्यातून आरपार दिसत नव्हते. काहींच्या पडद्यातून जवळून पाहिल्यास आरपार दिसत होते. दुरून दोन्ही सारखेच. मग सर्वांना एकच चित्रपट दाखवला. त्यात माणूस तशाच पडद्यामागे जातो आणि तेवढ्यात वस्तू हलवली जाते. ज्यांचा पडदा बंद होता त्यांची नजर चुकीच्या समजुतीच्या जागेकडे गेली. आरपार पडदा अनुभवलेल्यांची तशी गेली नाही. म्हणजे "या पडद्यामागून मला दिसत नव्हते, तेव्हा त्यालाही दिसले नसेल" असा स्वतःच्या अनुभवावरून दुसऱ्याचा विचार त्यांनी केला असावा.

'असावा' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. नजर म्हणजे कबुलीजबाब नव्हे. माणसाच्या लहान मुलांवर अशाच नजरेच्या परीक्षा घेतल्या, तेव्हा सर्व प्रयोगशाळांत सारखे निकाल आले नाहीत. तेव्हा वाद संपलेला नाही. तरी "त्याला काय कळणार" असे म्हणण्याची सोय आता राहिली नाही, एवढे नक्की.

पाहणे आणि वाटणे

विचाराचे झाले. भावनांचे काय? २००१ साली अमेरिकेच्या लिसा पार यांनी चिंपांझींना चित्रफिती दाखवल्या. काहींत आवडता खाऊ होता, काहींत चिंपांझींना सुई टोचली जात होती. दृश्याला शोभणारा चिंपांझीचा चेहरा निवडायचा होता, आणि आनंदाच्या दृश्याला आनंदी, त्रासाच्या दृश्याला त्रासलेला चेहरा त्यांनी निवडला. सुईची दृश्ये पाहताना त्यांच्या त्वचेचे तापमानही उतरले. घाबरल्यावर आपले हात गार पडतात, तसेच हे. २०११ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात जांभई देणारे चिंपांझी दाखवले, तर पाहणारेही जांभया देऊ लागले, आणि आपल्या कळपातल्यांना पाहून अधिक.

२०१९ सालचा आणखी एक प्रयोग पालकांसाठी सांगतो. चिंपांझी आणि बोनोबो यांनी एका माणसाबरोबर एकच व्हिडिओ पाहिला. नंतर ते त्या माणसाजवळ लवकर आले. माणूस शेजारी होता पण दुसरीकडे पाहत होता, तेव्हा तेवढी जवळीक झाली नाही. लहान मुलांतही हेच आढळले आहे. घरात चौघे चार मोबाइलवर चार गोष्टी पाहतात, त्या वेळी हे आठवावे.

स्मरणाची गोष्टही राहू नये. २०२३ मध्ये चिंपांझी आणि बोनोबो यांना जुन्या सोबत्यांची छायाचित्रे अनोळखी प्राण्यांच्या छायाचित्रांशेजारी दाखवली गेली. नजर ओळखीच्या चेहऱ्यावर जास्त रेंगाळली. लुईस नावाच्या बोनोबोने आपल्या बहिणीला २६ वर्षांहून अधिक काळ पाहिले नव्हते. तिनेही बहिणीच्याच चेहऱ्याकडे जास्त पाहिले.

माझी चूक

आता हे सर्व शाळेच्या अंकात का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेत घटक चाचणीची खोली आदल्या दिवशी बदलली. एक मुलगा त्या दिवशी गैरहजर होता. चाचणीच्या दिवशी तो जुन्या खोलीत वीस मिनिटे एकटा बसून राहिला. मला सापडला तेव्हा मी त्याला वऱ्हांड्यात सर्वांसमोर फैलावर घेतले. "फलकावर लिहिलेले दिसत नाही का?" तो काही बोलला नाही, मान खाली घालून गेला. संध्याकाळी हजेरीपट पाहिला तेव्हा कळले. सूचना मला माहीत होती, म्हणून त्यालाही माहीत असणार, असे मी धरून चाललो होतो. लाडू लाल डब्यात आहेत म्हणणारे तीन वर्षांचे बाळ आणि मी, दोघे एकाच पायरीवर होतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वर्गात जाऊन सर्वांसमोर त्याची माफी मागितली. त्यानंतर रागावण्याआधी मुलाला एक प्रश्न विचारण्याचा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे : "तुला काय सांगितलं होतं?" नेहमी पाळता येतो असे नाही, पण प्रयत्न असतो.

ज्या प्राण्यांनी हा धडा नव्याने दिला, ते सर्व महाकपी आज धोक्यात आहेत. जंगलतोड, शिकार आणि आजार यांमुळे त्यांची संख्या घटत आहे. चिंपांझी आणि बोनोबो संकटग्रस्त, तर गोरिला आणि ओरांगउटान यांच्या सर्व जाती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. ज्याला आठवते, ज्याचा जीव दुसऱ्याचे दुःख पाहून गार पडतो, त्याला केवळ गंमत म्हणून पाहू नये.

बसमध्ये प्रश्न विचारणाऱ्या मुलीला सांगायचे, की बेटा, तुझा प्रश्न चांगला होता आणि माझे उत्तर चांगले नव्हते. पुढच्या सहलीत माझ्या शेजारी बस. आणखी विचार.

आपला,
मुख्याध्यापक